जबड्यात घालायची ‘हाडाची पावडर’ नेमकी कशाची असते?

दाताचं इम्प्लांट करायचं ठरतं, डेंटिस्ट स्कॅन बघून सांगतात, "हाड कमी आहे, बोन ग्राफ्ट घालावं लागेल," आणि त्यांची चिठ्ठी घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. चिठ्ठीत एवढंच असतं की बीपी, शुगर तपासून फिटनेस द्यावा. मी तपासतो, लिहून देतो. तुम्ही उठता, दारापर्यंत जाता आणि तिथून वळून विचारता, "डॉक्टर, ती हाडाची पावडर म्हणतात ती कशाची असते हो?"

कॅम्प २ मध्ये बसत असल्यामुळे हा प्रश्न मला दोन-तीन भाषांत ऐकायला मिळतो. "डॉक्टरसाब, इसमें जानवर का कुछ नहीं है ना?" असं विचारणाऱ्या सिंधी मावश्या असतात. सिंधी म्हटलं की मच्छी आलीच असं बाहेरच्यांना वाटतं, पण इथली राधास्वामी सत्संगाला जाणारी कित्येक घरं अंड्यालाही हात लावत नाहीत. अंबरनाथ-बदलापूरहून येणारे माळकरी काका असतात. जैन कुटुंबं असतात. आणि ज्यांना खाण्यापिण्याचं काही बंधन नाही अशांनाही आपल्या तोंडात कायमचं काय बसणार आहे, हे जाणून घ्यायचं असतंच. मी फिजिशियन आहे, दातांचा डॉक्टर नाही. इम्प्लांट कुठल्या कोनात बसवायचं यात मी पडणार नाही. पण पावडर कशाची, शरीर तिचं काय करतं आणि तुमचं शरीर ते काम करायला तयार आहे का, हे सांगणं माझ्या कक्षेत येतं.

दात गेला की हाड का जातं?

जबड्याचं जे हाड दाताच्या मुळाला धरून असतं, ते दातासाठीच असतं. चावताना मुळावर दाब पडतो, तो हाडाला पोचतो आणि त्या दाबावर ते हाड टिकून राहतं. दात काढला की काम संपलं. शरीर बिनकामाचं हाड सांभाळत बसत नाही. एका मोठ्या दाढेच्या जागी हाडाची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून "दात पाच वर्षांपूर्वी काढला, आता इम्प्लांट करू" म्हणणाऱ्याला बहुधा ग्राफ्टचं नाव ऐकावं लागतं.

वरच्या दाढांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या वर गालाच्या हाडात सायनसची हवेची पोकळी असते. दाढ गेली की हाड खालून झिजतं आणि वरून सायनस खाली पसरतो. मध्ये कधी कधी तीन-चार मिलिमीटर हाड उरतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू; तो पकडायला काहीतरी हवं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हापासून सूत्र तेच आहे: हाड टायटॅनियमला घट्ट चिकटतं, पण त्यासाठी आधी हाड असावं लागतं.

इथे एक प्रश्न हमखास येतो. "मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर?" नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढायला हवंच, पण गेलेल्या दाताच्या जागचं हाड गोळ्यांनी परत उगवत नाही.

चार कुळं

ग्राफ्टची सामग्री चार ठिकाणांहून येते. पहिली तुमच्या स्वतःच्या शरीरातून: हनुवटी, अक्कलदाढेच्या मागची जागा, कधी कंबरेचं हाड. यात जिवंत पेशी असतात, म्हणून काम सर्वात खात्रीचं. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते.

दुसरी माणसाच्याच, पण दुसऱ्याच्या हाडातून. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दान केलेलं किंवा ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड तिथे तपासून, स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून उपचारासाठी दिलं जातं. मुंबईतल्या मुंबईत ही सोय आहे, हे फार थोड्या रुग्णांना माहीत असतं.

तिसरी प्राण्याच्या हाडातून, बहुतेक वेळा गायीगुरांच्या. यातली जगभर प्रसिद्ध असलेली पावडर म्हणजे स्वित्झर्लंडची बायो-ऑस. हाडातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकतात, उरतो तो खनिजाचा सांगाडा. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजच असतो, त्यामुळे सांगाडा छान जाळीदार उरतो. वैद्यकीयदृष्ट्या ही पावडर चांगली आहे, तिच्यावर अभ्यासही भरपूर झाले आहेत. पण ती कुठून आली, हे बदलत नाही.

चौथी सिंथेटिक, म्हणजे प्रयोगशाळेत, कारखान्यात बनवलेली. ना माणसाची, ना प्राण्याची.

सिंथेटिक म्हणजे प्लास्टिक नव्हे

"सिंथेटिक" शब्द ऐकला की गजानंद मार्केटमध्ये कापडाचा धंदा करणाऱ्या माझ्या पेशंटना पॉलिस्टर आठवतं. प्रत्यक्षात ही पावडर सिरॅमिक असते, कपबशीच्या जवळची नातेवाईक. हाडात जे खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, तेच रसायनातून तयार करून भट्टीत भाजतात. दाणा साधारण पाव ते एक मिलिमीटर. एका दाताच्या जागेला अर्धा सीसी, एक सीसी पुरतो. चांगल्या दाण्याला केसाच्या जाडीपेक्षा मोठी छिद्रं असतात, कारण त्यांतून रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी आत शिरायला हव्यात.

नावं दोन लक्षात ठेवा. एक हायड्रॉक्सीअपॅटाइट, दुसरं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. फरक समजायचा तर चालू असलेल्या बिल्डिंगच्या कामाकडे बघा. स्लॅब भरायच्या आधी सेंटरिंग लावतात आणि सळ्या बांधतात. सेंटरिंगने आकार धरून ठेवायचा आणि स्लॅब पक्का झाला की निघून जायचं. सळ्यांनी आतच राहायचं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे सेंटरिंग: काही महिन्यांत विरघळत जातं आणि जागा नव्या हाडाला देतं. हायड्रॉक्सीअपॅटाइट म्हणजे सळी: वर्षानुवर्षं तिथेच राहतं, नवं हाड त्याच्याभोवती बनतं. नुसतं सेंटरिंग लवकर निघालं तर आकार बसतो. नुसत्या सळ्याच जास्त झाल्या तर खऱ्या हाडाला जागा कमी. म्हणून बऱ्याच कंपन्या दोन्ही मिसळून देतात, ६० आणि ४० टक्के हे त्यातलं एक नेहमीचं प्रमाण.

एवढं मात्र पक्कं समजा की पावडर स्वतः हाड होत नाही. हाड तुमचं शरीरच बनवतं. पावडर फक्त जागा धरून ठेवते.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत १८९२ मध्येच ड्रेसमान नावाच्या सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून पाहिल्या होत्या, म्हणजे गणपतीच्या मूर्तीला वापरतात ते पीओपी. १९२० मध्ये अमेरिकेत आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरलं. १९६९ मध्ये फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी एक अशी काच बनवली जी हाडाला चिकटते. एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांना विचारलं होतं की व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या सैनिकांसाठी शरीर नाकारणार नाही असा पदार्थ बनवता येईल का. तिला बायोअॅक्टिव्ह ग्लास म्हणतात आणि तीही आज दाताच्या ग्राफ्टमध्ये वापरतात. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटने, जिचा हृदयाचा ‘चित्रा व्हॉल्व्ह’ तुम्ही ऐकला असेल, हायड्रॉक्सीअपॅटाइट आणि अशी काच यांच्यापासून दात-हाडांसाठी सिरॅमिक विकसित केलं. म्हणजे सिंथेटिक ग्राफ्ट भारतीय मिळतं, आणि आयात मालाच्या मानाने बरंच स्वस्त मिळतं.

मग ते तेवढंच चांगलं का? सायनसखाली भरण्यासाठी किंवा दात काढलेल्या खड्ड्यात भरण्यासाठी सिंथेटिक पावडर वापरून बसवलेले इम्प्लांट टिकण्याच्या बाबतीत मागे पडत नाहीत, असं आजवरचा अनुभव सांगतो. नवं हाड मात्र स्वतःच्या हाडाने लवकर आणि जास्त बनतं. हाडाची उंचीच बरीच वाढवायची असेल तर नुसत्या सिंथेटिक पावडरीवर भरवसा ठेवणं कठीण. हे तुमचे डेंटिस्ट स्कॅन बघून सांगतील, आणि त्यांनी "तुमच्या केसमध्ये प्राणिज किंवा स्वतःचंच हाड बरं" असं म्हटलं तर तेही कारणासह ऐकून घ्या.

"शरीर नाकारेल का?" किडनी नाकारतात तसं नाही. पावडरीत जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तसं युद्ध होत नाही. ग्राफ्ट फसतं ते जंतुसंसर्गाने, टाके उघडल्याने, आतली पावडर हलल्याने. कॅन्सर होतो अशीही एक धास्ती फिरते. कॅल्शियम फॉस्फेटने तसं होतं असं मानायला आधार नाही.

बदलापूरच्या काकांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक माळकरी काका आले. बीपी कधी न वाढणारा माणूस, त्या दिवशी १७० च्या वर. झोप नाही, जेवण नाही. चौकशी केल्यावर हळूहळू बाहेर आलं. दोन इम्प्लांट झाले होते, काम उत्तम झालं होतं, दुखतही नव्हतं. नातवाने बिलावरचं नाव मोबाईलवर शोधलं आणि सहज वाचून दाखवलं की हे गायीच्या हाडापासून बनतं. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ. "डॉक्टर, एवढी वारी केली आणि आता हे तोंडात घेऊन पांडुरंगाचं नाव घेऊ?"

मी त्यांना सांगितलं की त्यातलं मांस, रक्त, प्रथिनं सगळं काढलेलं असतं, उरलंय ते खनिज. आता ते तुमच्या हाडात मुरलंय, काढायला गेलं तर जबड्याचं नुकसान होईल. हे सगळं खरं होतं. पण तुम्हाला वाईट वाटणं चूक आहे, असं मी म्हणालो नाही, कारण ते चूक नव्हतंच. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, फक्त विचारलं नव्हतं. संमतीच्या कागदावर सही होती. त्यात "बोन ग्राफ्ट" एवढाच शब्द होता. बीपीची गोळी सुरू करावी लागली नाही, तीन-चार वेळा बोलणं झालं आणि आकडा खाली आला. ते त्या वर्षी वारीला गेले. पण माळेला हात लावताना आधी थबकतात, हे त्यांनी मला नंतरही सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं बोललं असतं तर हे टळलं असतं. त्यांच्यासाठी सिंथेटिक पावडर चालण्यासारखी होती.

काय विचारायचं?

"शाकाहारी आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. का ते सांगतो.

हायड्रॉक्सीअपॅटाइट हे खनिजाचं नाव आहे. ते कारखान्यातही बनतं आणि गायीच्या हाडातूनही मिळतं. त्यामुळे "हायड्रॉक्सीअपॅटाइट घालणार आहोत" हे उत्तर पूर्ण नाही. "नॅचरल" लिहिलेलं असेल तर उलट जास्त चौकशी करा, कारण इथे नैसर्गिक म्हणजे बहुधा प्राण्याचंच. काही पावडरी समुद्री प्रवाळापासून किंवा शेवाळापासूनही बनवतात.

दुसरं, पावडरीवर एक पातळ पडदा घालतात, मेम्ब्रेन म्हणतात त्याला. हिरडीच्या पेशी हाडापेक्षा भरभर वाढतात, त्या आत घुसू नयेत म्हणून हा पडदा. आणि हा पडदा पुष्कळदा कोलॅजेनचा असतो: गायीचा, डुकराचा किंवा माशाचा. पावडर सिंथेटिक आणि पडदा प्राणिज, असं सर्रास होतं आणि रुग्णाला पत्ताही नसतो. सिंथेटिक पडदे मिळतात. काही ठिकाणी तुमचंच थोडं रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून त्याचा जेलीसारखा पडदा करतात, त्याला पीआरएफ म्हणतात. तोही काही केसेसमध्ये चालतो. टाक्यांचा दोरासुद्धा विचारा, कारण कॅटगट हा प्राण्यांच्या आतड्याचा असतो.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की तुम्ही रोज गिळता त्या बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजच असतं, आणि हार्ट अटॅकमध्ये जीव वाचवणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. जिवावर बेतलेलं असताना मी हेपॅरिनसाठी कुणाची परवानगी मागत बसणार नाही. दाताचं इम्प्लांट मात्र घाईचं काम नाही. तिथे निवडीला वेळ असतो, आणि पर्यायही असतात.

म्हणून सरळ तीन गोष्टी विचारा: पावडर कशाची, पडदा कशाचा, टाके कशाचे. आणि पाकिटावरचं स्टिकर तुमच्या फाईलमध्ये चिकटवून मागा. त्यावर उत्पादनाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक असतो. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत, आणि शरीरात बसवायच्या अशा जास्त जोखमीच्या वस्तूंना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला आहे. आपल्या गावाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. लेबल उलटून बघायची सवय आपल्याइतकी कुणाला असणार? शर्टाला जी लावता ती नजर जबड्यात जाणाऱ्या पाकिटालाही लावा. चांगले डेंटिस्ट रागावत नाहीत, बहुतेक जण आनंदाने स्टिकर देतात.

आता माझं काम

पावडर कितीही भारी असली तरी हाड तुम्हालाच बनवायचंय, हे वर आलंच. त्यामुळे फिटनेसच्या वेळी मी तुमच्या दृष्टीने नको ते प्रश्न विचारतो.

शुगर. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८ च्या वर असेल तर मी सही करत नाही. दोन-तीन महिने थांबा, खाली आणू, मग करा. साखर वाढलेली असताना जखम भरत नाही आणि जंतू मजेत वाढतात.

तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती आहे, ते तुमच्या खिशाला ठाऊक. विडी-सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पावडरीत रक्तवाहिन्याच शिरत नाहीत. बायका "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, मावशी.

आणि सर्वात महत्त्वाचं, हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतलेली औषधं. आठवड्याला एक घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अॅसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन "चालू औषधं" विचारल्यावर कुणालाही आठवत नाही. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यामुळे जबड्याचं हाड ऑपरेशननंतर भरून न येता उघडं पडण्याचा, सडण्याचा धोका असतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मार्क्स यांनी असे रुग्ण पहिल्यांदा समोर आणले. ऑस्टिओपोरोसिससाठी घेणाऱ्यांत हा धोका हजारात एकाहूनही कमी आहे. कॅन्सरसाठी मोठ्या डोसात घेणाऱ्यांत तो बराच जास्त, आणि त्यांना मी इम्प्लांटचा नाद सोडायलाच सांगतो. पण स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. डेनोसुमॅब अचानक सोडलं तर मणक्याची हाडं मोडतात. तसंच रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं: स्टेंट बसवलेल्या माणसाने दातासाठी परस्पर गोळी थांबवणं हे दाताच्या दुखण्याहून कितीतरी महाग पडतं. आधी आम्हाला विचारा.

ग्राफ्ट हवंच का?

प्रत्येक वेळी नाही. कमी उंचीचे इम्प्लांट असतात, तिरके बसवता येतात, शेजारच्या दातांवर ब्रिज करता येतो. ऐंशीला टेकलेल्या, तीन औषधांवर चालणाऱ्या आजींना चांगली बसणारी कवळी पुष्कळ होते, असं माझं मत आहे, मुलगा कितीही खर्च करायला तयार असला तरी. शंका असेल तर दुसरं मत घ्या. शहाडहून लोकलने सीएसएमटीला उतरलात की सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, चालत जाता येतं. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. स्कॅनची सीडी बरोबर न्या.

ग्राफ्ट झालंच, तर पहिले काही दिवस वाळूसारखे एक-दोन दाणे तोंडात आले म्हणून घाबरू नका, ते पावडरीचे सुटलेले दाणे असतात. मूठभर येत असतील, पू येत असेल, ताप असेल, सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढतच असेल तर त्याच दिवशी डेंटिस्टना दाखवा. चार ते सहा महिने, सायनसचं काम असेल तर कधी त्याहून जास्त, थांबावं लागतं; घाई करायला लावू नका. सायनसचं काम झालेल्यांनी डेंटिस्ट हो म्हणेपर्यंत नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, कपालभाती आणि भस्त्रिका बंद. आणि आरतीचा शंख तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फुंकू द्या.